बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचंय? बारावीपासून शेवटच्या वर्षापर्यंत काय काय करावं

दरवर्षी कॅपचे (अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशाचे) फॉर्म सुटले की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते : "मुलीची नीट थोडक्यात हुकली, बायोमेडिकलला टाकू का?" मी उलट विचारते, तिला गणित आवडतं का? बंद पडलेला मिक्सर उघडून बघावासा वाटतो का? उत्तर 'हो' असेल तर जरूर टाका. डॉक्टर व्हायची राहून गेलेली इच्छा भागवायला म्हणून ही शाखा घेतली, तर पहिल्याच सेमिस्टरला हिरमोड होतो. चार वर्षांत शरीरशास्त्राचे पेपर मोजके असतात. इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नल, गणित आणि प्रोग्रामिंग भरपूर असतं. ही अभियांत्रिकीच आहे, फक्त यंत्राच्या दुसऱ्या टोकाला माणूस जोडलेला असतो.

आयसीयूतली एक खाट डोळ्यांसमोर आणा. डोक्याशी मॉनिटर, बाजूला व्हेंटिलेटर, खांबावर दोन-तीन सिरिंज पंप, ट्रॉलीवर हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर. यातलं प्रत्येक यंत्र कुणीतरी आखलं, कुणीतरी तपासून परवान्यासाठी पात्र ठरवलं, कुणी बसवलं, आणि रात्री दोनला बंद पडलं तर कुणीतरी येऊन चालू करणार आहे. ही सगळी या शाखेची कामं. याशिवाय कृत्रिम सांधे, जयपूर फूटसारखे कृत्रिम पाय, श्रवणयंत्रं, सीटी-एमआरआयच्या प्रतिमांवर काम करणारं सॉफ्टवेअर हेही आलंच.

आपल्याकडे हे काम झालेलं नाही असं समजू नका. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने बनवलेली कृत्रिम हृदयझडप १९९० साली पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. त्याआधीची कितीतरी वर्षं झडपेच्या चकतीचं साहित्य बदलण्यात, ते किती झिजतं आणि कधी तुटतं हे तपासण्यात गेली. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्टवर चालणारं कर्करोगोपचाराचं यंत्र आधी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात लागलं, मग देशभर गेलं.

प्रवेश : फॉर्म भरण्याआधी

महाराष्ट्रात अभियांत्रिकीला यायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. अकरावीत नुसतं पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) घेऊन बसलेल्या मुलांना हे फार उशिरा कळतं, म्हणून दहावीनंतरच ठरवा : थोडीशीही शंका असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. पुढे उपयोग होतो तो गणिताचाच, पण शरीरशास्त्राच्या पेपरला जीवशास्त्र वाचलेलं मूल एक पाऊल पुढे असतं.

राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट २०० गुणांचा. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. गणित अर्धी परीक्षा आहे, तयारीतला वेळही त्याच हिशेबाने द्या.

पर्याय भरताना त्या वर्षीचा सीट मॅट्रिक्स (कुठे किती जागा त्याचा तक्ता) सीईटी सेलच्या संकेतस्थळावरूनच बघा. बायोमेडिकलच्या जागा राज्यात मुळातच कमी. मुंबई विद्यापीठाशी संलग्न काही महाविद्यालयांनी ही शाखा बरीच वर्षं चालवली आणि पुढे बंद केली. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या कटऑफच्या यादीवर विसंबू नका. आणखी एक : पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते, नाही घेतली तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच लिहा जे खरोखर हवं आहे. पुढच्या फेऱ्यांचे नियम बदलत असतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका घरातल्या कुणीतरी शेवटपर्यंत वाचावी.

जेईईतून जायचं असेल तर आयआयटी हैदराबाद, एनआयटी राउरकेला आणि एनआयटी रायपूर इथे बायोमेडिकलचं बीटेक आहे. रायपूर विदर्भातल्या मुलांना जवळ पडतं, तरी त्यांच्या यादीत ते क्वचितच दिसतं.

खर्चाचं बोलायचं तर तीन गोष्टी तपासा. टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफी योजनेखाली प्रत्येक शाखेत ५ टक्के जास्तीच्या जागा असतात, त्यांना शिक्षणशुल्क लागत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. त्याच मर्यादेत राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, याच उत्पन्नमर्यादेत, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेअर, जात पडताळणी ही कागदपत्रं निकालाआधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि पडताळणीला तर महिने जातात.

हव्या त्या महाविद्यालयात बायोमेडिकल मिळालं नाही तर? चांगल्या महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मिळत असेल, तर जेमतेम प्रयोगशाळा असलेल्या ठिकाणच्या बायोमेडिकलपेक्षा मी ते घ्यायला सांगेन. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांत या शाखांचे लोक भरपूर आहेत. इम्प्लांट आणि कृत्रिम अवयवांकडे ओढा असेल तर मेकॅनिकलही चालतं. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात प्रत्यक्ष जा आणि प्रयोगशाळा दाखवायला सांगा. यंत्रांवर धूळ आहे की मुलांच्या हाताळण्याच्या खुणा, एवढं बघितलं तरी पुरेसं कळतं.

पहिली दोन वर्षं : पाया इलेक्ट्रॉनिक्सचा

पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच. वर्कशॉपमध्ये फाइलिंग, ड्रॉइंग, केमिस्ट्रीची जर्नल्स, आणि मुलं म्हणतात, यात बायोमेडिकल कुठे आहे? आहे, गणितात आहे. फुरिये ट्रान्सफॉर्म, म्हणजे संकेताची वेगवेगळ्या लहरींत फोड करणारं गणित, पेपरपुरतं पाठ करून सोडून दिलं की तिसऱ्या वर्षी एमआरआय कळत नाही, कारण ते यंत्र थेट चित्र मोजतच नाही. त्याने मोजलेल्या आकड्यांवर उलटं फुरिये ट्रान्सफॉर्म केलं की मग चित्र तयार होतं. डिफरन्शियल समीकरणं फुप्फुसात हवा भरण्याच्या आणि औषध रक्तात पसरण्याच्या मॉडेलमध्ये पुन्हा भेटतात. गणिताची केटी (नापास विषय पुढच्या वर्षात सोबत नेणं) लागू देऊ नका. लागली तर पुढच्याच परीक्षेत सोडवा. ती साठली की सिग्नल्स, कंट्रोल, इमेज प्रोसेसिंग सगळंच अंधारात जातं.

दुसऱ्या वर्षी खरी शाखा सुरू होते. शरीररचना आणि शरीरक्रिया, सेन्सर आणि ट्रान्सड्यूसर, अ‍ॅनालॉग आणि डिजिटल सर्किट्स. इथे मुलं दोन गटांत विभागतात : काहींना शरीरशास्त्र आवडतं आणि सर्किटची भीती वाटते, काहींचं उलट. ज्याची भीती वाटते त्यालाच जास्त वेळ द्या.

शरीरशास्त्र वाचताना वैद्यकीय विद्यार्थ्यासारखं प्रत्येक स्नायूचं नाव पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक प्रकरणाला तीन प्रश्न विचारा : इथे काय मोजता येईल, ते कशाने मोजायचं, आणि मोजताना काय बिघडवेल? रक्तदाबाचं उदाहरण घ्या. दंडाला पट्टा बांधून आपोआप दाब सांगणारं यंत्र वरचा आणि खालचा आकडा थेट मोजत नाही. पट्ट्यातली हवा सुटताना नाडीमुळे दाबात बारीक हेलकावे येतात, ते कुठे सर्वांत मोठे होतात यावरून सरासरी दाब कळतो आणि वरचा-खालचा आकडा कंपनीच्या स्वतःच्या सूत्राने काढला जातो. हे कळलं की दोन कंपन्यांची यंत्रं एकाच रुग्णावर थोडे वेगळे आकडे का दाखवतात, हेही कळतं. थरथरणाऱ्या किंवा अनियमित ठोक्यांच्या रुग्णावर यंत्र पुन्हापुन्हा हवा का भरतं, याचं उत्तरही त्यातच आहे.

प्रोग्रामिंगमध्ये पायथन आणि सी, एवढं पक्कं करा. सी मायक्रोकंट्रोलरसाठी (यंत्रातल्या छोट्या संगणक-चिपसाठी), पायथन सिग्नल आणि प्रतिमांसाठी. महाविद्यालयात मॅटलॅब असेल तर तेही वापरा, पण घरी फुकट मिळतं ते पायथन.

एक ईसीजी सर्किट स्वतःच्या हाताने

ही शाखा कळायला एकच प्रयोग करायचा असेल तर ईसीजीचा करा. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत, दोघा-तिघांनी मिळून. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली; सगळं सामान एका फेरीत मिळतं.

हृदयाच्या ठोक्याचा विद्युत संकेत छातीच्या त्वचेपर्यंत येईतो जेमतेम १ मिलिव्होल्टचा उरतो. त्याच वेळी खोलीतल्या वायरिंगमुळे तुमच्या अख्ख्या शरीरावर ५० हर्ट्झचा गोंगाट बसलेला असतो, आणि तो या संकेतापेक्षा कितीतरी मोठा असतो. दोन इलेक्ट्रोडवर गोंगाट जवळपास सारखा येतो आणि हृदयाचा संकेत वेगवेगळा, म्हणून दोन्हींतला फरक तेवढा वाढवणारा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर लागतो. वर्गात 'सीएमआरआर' (सारखा गोंगाट किती दाबला जातो त्याचं माप) म्हणून जो आकडा फळ्यावर लिहिला जातो, तो इथे डोळ्यांनी दिसतो.

मग पुढची अडचण. त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्या सांध्यावर स्वतःचा एक स्थिर व्होल्टेज तयार होतो आणि तो काहीशे मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. पहिल्याच टप्प्यात हजारपट वाढवायला गेलात तर सर्किट टोकाला जाऊन चिकटतं, पडद्यावर नुसती आडवी रेघ. म्हणून आधी थोडी वाढ, मग तो स्थिर व्होल्टेज अडवणारा हायपास फिल्टर, मग उरलेली वाढ. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं, पण ती आडवी रेघ बघत तासभर डोकं खाजवलं की आयुष्यभर विसरत नाही. तिसरा इलेक्ट्रोड उजव्या पायाला का लावतात, तिकडे उलटा संकेत पाठवून गोंगाट कसा दाबतात, तेही करून बघा.

फिल्टर ठरवताना आणखी एक धडा मिळतो. निदानासाठीच्या ईसीजीत ०.०५ हर्ट्झपासून सुमारे १५० हर्ट्झपर्यंतचा भाग ठेवतात. आयसीयू मॉनिटरवर बहुधा ०.५ ते ४० हर्ट्झ एवढाच, म्हणजे रुग्ण हलला तरी रेघ स्थिर दिसते. पण त्या चाळणीत रेघेतल्या मोठ्या टोकानंतरच्या एसटी भागाचा आकार बदलू शकतो, आणि हृदयविकाराचा झटका ओळखताना डॉक्टर नेमका तोच भाग बघत असतात. म्हणजे फिल्टरचा एक आकडा निवडणं हा वैद्यकीय निर्णय आहे. तुम्ही काय वगळलं, हे वापरणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.

बाजारात एडी८२३२ या ईसीजीच्या चिपचं तयार मॉड्यूल स्वस्तात मिळतं. ते जरूर वापरा, पण दुसऱ्यांदा. पहिल्यांदा सुटे ऑप-अँप (संकेत वाढवणाऱ्या साध्या चिप) जोडून करा, नाहीतर सबमिशनपुरता आलेख मिळेल आणि व्हायवाला पहिल्याच प्रश्नाला अडाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माणसाला जोडलेलं सर्किट फक्त बॅटरीवर चालवा. भिंतीतल्या सॉकेटला लावलेला पॉवर सप्लाय नको, चार्जिंगला लावलेला लॅपटॉप नको, मेन्सवरचा ऑसिलोस्कोपही नको. हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात नेहमीच्या वापरात रुग्णातून जाणाऱ्या गळतीप्रवाहाची मर्यादा १० मायक्रोअँपिअर आहे, म्हणजे एका अँपिअरचा एक लाखावा हिस्सा. तुमच्या ब्रेडबोर्डवर असं कुठलंही संरक्षण नसतं. याबाबतीत प्रयोगशाळेतल्या कुणी "काही होत नाही" म्हटलं तरी ऐकू नका.

सर्किट झालं की सॉफ्टवेअर. फिजिओनेट या संकेतस्थळावर एमआयटी-बीआयएचचा हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा संग्रह सर्वांना खुला आहे : अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी, सेकंदाला ३६० नमुने, आणि प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांची खूण. त्यावर १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेली पॅन आणि टॉम्पकिन्स यांची ठोके ओळखण्याची पद्धत स्वतः पायथनमध्ये लिहा. तयार लायब्ररीतलं फंक्शन नंतर वापरा. तुमचा कोड कुठे चुकतो ते शोधून त्या नोंदी उघडून बघा. कुठे रुग्ण हलला असेल, कुठे ठोकाच वेगळ्या आकाराचा असेल. याच नोंदींनी तुम्ही इतरांपेक्षा जास्त शिकाल.

रुग्णालयात उभं राहणं

अभ्यासक्रमात एखादी रुग्णालयभेट असते. पन्नास मुलं, एक तास, सीटी स्कॅनच्या खोलीबाहेरून दर्शन. ती पुरत नाही. दुसऱ्या वर्षानंतरच्या प्रत्येक सुट्टीत दोन-तीन आठवडे कुठल्यातरी रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात जा, पगाराशिवाय जावं लागलं तरी जा. मोठ्या साखळी रुग्णालयांत परवानगीला वेळ लागतो. मध्यम आकाराच्या ट्रस्टच्या रुग्णालयात विभागप्रमुखांचं पत्र घेऊन स्वतः गेलात तर बहुधा काम होतं. जिल्हा रुग्णालयातही विचारा, तिथे जुन्या-नव्या, चालू-बंद सगळ्या प्रकारची यंत्रं बघायला मिळतात.

जाण्याआधी हिपॅटायटिस-बीची लस सुरू करा. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, म्हणून आयत्या वेळी आठवून उपयोग नाही. आत गेल्यावर रुग्णाचा फोटो काढायचा नाही, नाव कुठे लिहायचं नाही, आणि रुग्णाला लावलेल्या यंत्राचं एकही बटण सिस्टरना विचारल्याशिवाय दाबायचं नाही.

तिथे शिकाल ते असं. "मॉनिटर खराब आहे" असा कॉल येतो. इंजिनिअर जातो तर इलेक्ट्रोडची जेल वाळलेली असते, किंवा लीड वायर आतून तुटलेली असते. ऑक्सिजनचा आकडा येत नाही, तर बोटाला नेलपॉलिश असतं, हात गार पडलेले असतात, किंवा मोठ्यांचा प्रोब लहान मुलाला लावलेला असतो. सिरिंज पंप अडथळ्याचा अलार्म देतो, तर नळीचा क्लॅम्प बंद राहिलेला असतो. व्हेंटिलेटर चुकीचं व्हॉल्यूम दाखवतो, तर फ्लो सेन्सरमध्ये पाणी साचलेलं असतं. यातलं काहीही सर्किटमधला बिघाड नाही, आणि तरी प्रत्येक वेळी रुग्णाची सेवा अडली होती. आपण आखलेलं यंत्र रात्रपाळीच्या थकलेल्या सिस्टरच्या हातात कसं वागेल, याचा विचार करायची सवय इथेच लागते. म्हणून तंत्रज्ञांशी बोला तसंच सिस्टरशी बोला. "या यंत्राचा तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" एवढंच विचारा आणि लिहून घ्या. तुमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्या वहीतून निघेल.

चांगली रचना कशी असते तेही तिथेच बघा. भूल देण्याच्या यंत्राला लहान सिलिंडर जिथे जोडतात तिथे दोन खुंट्या असतात आणि सिलिंडरच्या तोंडावर त्यांना बसतील अशी दोन भोकं. ऑक्सिजनसाठी जागा २ आणि ५, नायट्रस ऑक्साइडसाठी ३ आणि ५. त्यामुळे घाईत चुकीचा सिलिंडर लावायचा म्हटलं तरी तो बसतच नाही. 'काळजीपूर्वक वापरा' अशी पाटी लावण्यापेक्षा चूक होऊच न देणारी रचना किती मोलाची, हे त्या दोन खुंट्यांपाशी उभं राहून समजतं.

रुग्णालयातल्या कामाला मुलं 'मेंटेनन्स' म्हणून दुय्यम मानतात. मला ते अजिबात पटत नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं दगावली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्णांचा जीव गेला. विजेची जोडणी, वायूंच्या वाहिन्या, अलार्म, वेळेवर केलेली तपासणी, या रोजच्या वाटणाऱ्या गोष्टींवर किती जीव टांगलेले असतात, हे महाराष्ट्राने त्या एका वर्षात दोनदा पाहिलं. हे काम करणाऱ्याला यंत्राचं, इमारतीचं आणि माणसांचं, तिन्हींचं भान लागतं.

तिथे असतानाच काही शब्द समजून घ्या. एएमसी म्हणजे सुटे भाग वगळून देखभालीचा वार्षिक करार, सीएमसी म्हणजे भागांसकट. पीएम म्हणजे बिघाड होण्याआधीची ठरावीक तपासणी. यंत्रावरच्या कॅलिब्रेशनच्या स्टिकरवर तारीख असते, ती उलटून गेली आहे का ते बघायची सवय लावा.

नियम आणि मानकं

हा भाग महाविद्यालयात पाचव्या युनिटमध्ये गुंडाळला जातो, आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून लागतो. भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत, ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. धोक्यानुसार उपकरणांचे ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग. डी सर्वांत जोखमीचा, त्यात हृदयझडपेसारखी उपकरणं येतात. मानकांपैकी तीन नावं लक्षात ठेवा : विद्युत सुरक्षेसाठी आयईसी ६०६०१, गुणवत्ता व्यवस्थेसाठी आयएसओ १३४८५, जोखीम व्यवस्थापनासाठी आयएसओ १४९७१. क्ष-किरण यंत्रांना मुंबईच्याच अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. सोनोग्राफी यंत्राला गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा लागू आहे. नोंदणीशिवाय ते विकता, हलवता किंवा डेमोला नेताही येत नाही. नवख्या सर्व्हिस इंजिनिअरनेही हा कायदा वाचूनच कामाला लागावं, कारण यातली चूक थेट पोलिसांपर्यंत जाते.

तिसरं वर्ष : दिशा धरा

या शाखेत थोडं थोडं सगळंच शिकवतात, आणि चौथ्या वर्षी मुलाखतीत "तुला नेमकं काय येतं?" विचारलं की उत्तर सुचत नाही. म्हणून पाचव्या सेमिस्टरला एक दिशा ठरवा : उपकरणांचं हार्डवेअर, सिग्नल आणि प्रतिमांचं सॉफ्टवेअर, बायोमटेरियल आणि इम्प्लांट, किंवा रुग्णालयातलं तंत्रज्ञान. नंतर बदलता येते, पण एका दिशेने खोल गेलेल्या मुलाला दुसरीकडे वळणं सोपं जातं. ऐच्छिक विषय, मिनी प्रोजेक्ट, इंटर्नशिप सगळं त्याच दिशेने घ्या.

मशीन लर्निंगकडे सगळे धावतात. जरूर शिका, पण माहिती कुणाची आणि कशी गोळा झाली हे विचारल्याशिवाय मॉडेल बांधू नका. पल्स ऑक्सिमीटर ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून पाठवून दोन्ही किती शोषले गेले ते बघतो. साधं, दशकानुदशकं वापरातलं यंत्र. तरीही डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता त्याच्याकडून गोऱ्या रुग्णांच्या मानाने सुमारे तिप्पट वेळा निसटत होती. सावळ्या कातडीच्या आपल्या देशात उपकरणं बनवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तो लेख मुळातून वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आयआयटी मुंबईतलं 'बेटिक' हे केंद्र डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एकत्र बसवून उपकरणं घडवतं, आणि विद्यार्थ्यांसाठी 'मेडिक' नावाने हॅकथॉन घेतं. तिथे अर्ज करा. निवड झाली तर उत्तमच, नाही झाली तरी अर्ज लिहिताना आपली अडचण नेमक्या शब्दांत मांडायला शिकाल.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट निवडताना 'स्मार्ट' या शब्दाने सुरू होणारी नावं टाळा. तुमच्या वहीतली एक खरी तक्रार घ्या : उदाहरणार्थ, एका खाटेवरून दुसऱ्या वॉर्डात हलवताना सिरिंज पंपची बॅटरी किती उरली हे दुरून दिसत नाही. एवढी छोटी. ती सोडवा, मोजून दाखवा, सिस्टरच्या हातात देऊन बघा. रुग्णावर काहीही वापरायचं असेल तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच अर्ज करा. रेडिमेड प्रोजेक्ट विकणाऱ्यांकडे जाऊ नका; मुलाखत घेणारा दोन प्रश्नांत ओळखतो.

पदवीनंतर

कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या आयटीच्या असतात. वैद्यकीय उपकरणांची नोकरी हवी तर स्वतः शोधावी लागते. फिलिप्सचं काम पुण्याजवळ चाकणला आहे. जीई हेल्थकेअर आणि सीमेन्स हेल्थिनीअर्स यांची मोठी केंद्रं बंगळुरूत. या तीन नावांपलीकडे वितरक, लहान उत्पादक आणि इम्प्लांट कंपन्या आहेत, आणि पहिल्या नोकरीसाठी त्या चांगल्या. तिथे एकाच माणसाच्या हातून पाच प्रकारची कामं होतात. सर्व्हिस इंजिनिअरला प्रवास भरपूर, सणासुदीलाही फोन, पण यंत्र आतून कळतं. अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्ट डॉक्टरांना यंत्र वापरायला शिकवतो, त्याला बोलणं यावं लागतं. रेग्युलेटरीचं काम कागदपत्रांचं आणि चिकाटीचं, तिथे वरची मानकं वाचलेला उमेदवार लगेच उठून दिसतो. रुग्णालयातली सुरुवातीची पगाराची रक्कम आयटीपेक्षा बहुधा कमी असते, हे घरी आधीच सांगून ठेवा.

पुढे शिकायचं तर गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबई आणि श्री चित्रा संस्था दोन्हीकडे या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. कुठे कोणता पेपर चालतो ते त्या त्या माहितीपत्रकात बघा, काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर दिलेलाही चालतो. परदेशी जायचं असेल तर शिफारसपत्रं देणारे प्राध्यापक सहाव्या सेमिस्टरपर्यंत तुम्हाला कामातून ओळखत असले पाहिजेत, तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेत आधीच जायला लागा. आणि अर्ज कुठेही करा, सोबत त्या ईसीजी सर्किटचा आराखडा, कोड आणि रुग्णालयातल्या नोंदींचं दोन पानी टिपण जोडा. मुलाखतीत त्यावरच बोलणं निघेल, आणि तिथे तुम्हाला सांगण्यासारखं खूप असेल.